बाबांच्या रेकॉर्डचं शेल्फ

फ्रँकफर्टच्या आमच्या पहिल्या घरात आधीच्या भाडेकरूंनी एक पांढरं शेल्फ ठेवून दिलं होतं. चार आडवे, चार उभे, सोळा चौकोनी कप्पे. पुण्याहून आणलेल्या बाबांच्या एलपी त्यात बेतल्यासारख्या बसल्या. तबकडी 12 इंचांची, कप्पा 33 सेंटीमीटरचा. वरून बोटं घालून रेकॉर्ड अलगद काढता येते. वरच्या ओळीत कुमारजी, त्यांच्याखाली किशोरीताई.

घर बदलताना शेल्फची एक बाजू जिन्यात माझ्या हातून निसटली आणि फळी फुटली. आत भरीव लाकूड नव्हतं, मधाच्या पोळ्यासारखा पुठ्ठा होता. अशी फळी सांधता येत नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "हे आयकियाचं कॅलॅक्स, सगळ्यांकडे असतं." मीही ते धरून चालले आणि जुन्या सामानातून कॅलॅक्सची बाजूची फळी आणली. ती बसेना. आमची फळी 5 सेंटीमीटर जाड, आणलेली जेमतेम 4.

मग जुन्या घराची वही काढली. भिंतीचं माप घेताना शेल्फची रुंदी मी 149 लिहिली होती. सोळा कप्प्यांचं कॅलॅक्स 147 चं असतं. कप्पे दोन्हींत तेवढेच. फरक फक्त बाहेरच्या चौकटीचा, म्हणून नुसत्या नजरेला कळत नाही. आमच्या शेल्फचे कोपरेही धारदार होते, कॅलॅक्सचे किंचित गोलसर.

खात्री झाली ती तळाच्या फळीखालच्या पुसट चिठ्ठीमुळे. तिच्यावर चार आकडे होते, 0941, म्हणजे 2009 सालचा 41 वा आठवडा. कॅलॅक्स आलं 2014 मध्ये. त्याआधी होतं ते एक्सपेडिट, आणि आमचं तेच होतं. ते बंद होणार म्हटल्यावर जर्मनीतल्या चाहत्यांनी फेसबुकवर ते वाचवण्याची मोहीम काढली होती. स्वस्तातल्या शेल्फसाठी एवढं का, हे मला बाबांच्या रेकॉर्ड जमिनीवर रचून ठेवाव्या लागल्या त्या तीन आठवड्यांत कळलं.

शेवटी एका विद्यार्थ्याकडे मोडीत निघालेलं सोळा कप्प्यांचंच एक्सपेडिट मिळालं. पैसे देण्याआधी टेप लावून पाहिली. फळी 5 सेंटीमीटर भरली.

तुमच्याकडे असं जुनं शेल्फ असेल तर सुटं करण्याआधी बाहेरचं माप आणि फळीची जाडी लिहून ठेवा, आणि खालची चिठ्ठी खरवडू नका.