पोफळीची सावली

काकूचा श्रीवर्धनहून फोन आला. "वादळानंतर लावलेल्या पोफळींतल्या दोघींना पोय आली गं," म्हणाली आणि रडायलाच लागली. फोन ठेवल्यावरही त्या फुलांचा गोडसर वास दादरच्या स्वयंपाकघरात बराच वेळ माझ्याभोवती होता.

मे महिना म्हणजे आमची वाडी. म्हसळा मागे पडलं की एसटीत भावंडांची खिडकीवरून भांडणं सुरू, समुद्र आधी कोणाला दिसतो म्हणून. घरच्या ओटीवर मात्र तो फक्त ऐकू यायचा. मधे माड-पोफळींची दाटी. आम्ही पोफळीच्या गळून पडलेल्या विरीवर बसून एकमेकांना पाटाच्या कडेनं ओढायचो. आजी खळ्यात वाळत घातलेली रोठा सुपारी पायानं परतत असायची. "आजी, समुद्र दिसू दे ना इथून," हा माझा रोजचा हट्ट.

भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ आमच्या श्रीवर्धनचेच. देशमुखी त्यांच्या घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं, ते घाटावर गेले आणि १७१३ साली त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. गावात त्यांचं स्मारक आहे, असायलाच हवं. पण मागे राहून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांचं शिपणं केलं, त्यांचं नाव कुठंच नाही, हा माझा जुना राग आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. करोनामुळे त्या सुट्टीत आम्ही कोणी गेलोच नव्हतो. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. पुढे मी गेले तेव्हा ओटीवरून समुद्र लख्ख दिसत होता. मला तो बघवेना. भरपाईचा हिशेब सुरुवातीला हेक्टरात चालला होता. इथल्या वाड्या गुंठ्यांच्या. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर चूल कशी पेटायची? काकूनं दोन खोल्या पर्यटकांना दिल्या आणि त्या पैशांतून रोपं आणली.

लोक फोनवर विचारतात, "खोलीतून समुद्र दिसतो ना?" काकू सांगते, "दिसतो, अजून थोडी वर्षं."

सुट्टीला कोकणात जाणार असाल, तर घरामागे वाडी आहे का, हे आधी विचारा. वाडीवाल्याकडेच उतरा, निघताना त्याच्याकडून नारळ, रोठा विकत घ्या. शिपणं करणारा माणूस गावात टिकला, तरच ती सावली टिकेल.