बाबांचा स्कोअर : तेरा!

मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं सख्ख्या भावांची वाटतात ना? स्वभाव मात्र एकदम उलटे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढलं, नवं बसवलं की काम फत्ते. काचबिंदू डोळ्यामागची नस गुपचूप कुरतडतो, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. विषय संपला.

आमच्या बाबांच्या उजव्या डोळ्यात दोघंही मुक्कामाला! तीन-तीन ड्रॉप्स, मोबाइलवर अलार्म, तरी दाब २६. साधारण १० ते २१ नॉर्मल. नुसता मोतीबिंदू काढूनही दाब थोडा उतरतो, पण बाबांची नस आधीच दमलेली. म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘‘दोन्ही एकाच वेळी करू.’’

म्हणजे काय? आधी मोतीबिंदू काढून लेन्स बसवायची. मग वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक बारीकशी झडप करायची. आतलं जादा पाणी तिथून झिरपतं आणि दाब उतरतो. या ऑपरेशनचं नाव ट्रॅबेक्युलेक्टमी. १९६८ पासून रुळलेलं. गंमत म्हणजे इथे जखम पूर्ण भरून आलेली चालत नाही, वाट बुजते! म्हणून ती भरू नये यासाठी औषध लावतात.

‘‘म्हणजे प्लंबिंगच की रे!’’ इति बाबा.

खरी परीक्षा नंतर. शेजारचे काका नुसत्या मोतीबिंदूनंतर दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते. बाबांना तीन आठवडे धूसरच. ‘‘फसलं का रे?’’ त्यांनी हळूच विचारलं. मी फाइल उघडून आकडा दाखवला : १३. धूसरपणा हळूहळू गेला, कडेची हरवलेली नजर नाही आली. पण उरलेली आता सांभाळता येईल. या ऑपरेशनचं यश असं आकड्यात मोजायचं, पेपरातल्या बारीक अक्षरांत नाही.

एवढ्यावर सुटका नाही. चेकअप आयुष्यभर. डोळा चोळायचा नाही. लाल झाला, दुखला, चिकट पाणी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि हो, काचबिंदू घराण्यात फिरतो. आई-बाबांना, भावंडांना असेल तर चाळिशीची वाट बघू नका. नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. दाब आणि नस, दोन्ही तपासून घ्या. मी एकतिसाव्या वर्षी घेतलं. एक हाफ डे गेला, बस्स!