भैरवीपाशी पोचलेली सुई

एलपीची बाजू संपत आली, की गळ्यातले ‘स’ आणि ‘श’ किंचित चरचरू लागतात. आरंभी इतकी नितळ असलेली तानपुऱ्याची जवारीही कडांना विरत जाते. आपण रेकॉर्डच्या वयाला बोल लावतो. पण या दुखण्याचं एक मूळ भूमितीत आहे, आणि त्या भूमितीविषयी मला फार माया वाटते.

रेकॉर्ड कोरणारी सुई काठापासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. घरातला टोनआर्म मात्र एका टोकाला खिळलेला; बिजागरीवरच्या दारासारखा तो कमानीतच फिरणार. सरळ वाट कमानीने चालायची, तर सुई खाचेशी कुठेतरी तिरपी होणारच. म्हणून आर्मचं डोकं आत वळवतात, नऊ इंची आर्मला साधारण २३ अंश, आणि सुई मधल्या खुंटीच्या सतरा-अठरा मिलिमीटर पलीकडे पोचेल अशी बसवतात. एवढं करून सबंध बाजूभर दोनच जागा लाभतात, जिथे तिरपेपणा शून्य होतो.

त्या जागा कुठे असाव्यात, यावर माणसांनी किती जीव लावून विचार केला! लॉफग्रेन यांनी १९३८ साली आणि बेअरवॉल्ड यांनी १९४१ साली असं गणित मांडलं, की तिरपेपणातून येणारी आवाजाची विकृती कुठेच फार साचू नये. त्या हिशेबाने त्या जागा केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर येतात. १९६६ साली स्टीव्हन्सन यांनी आतली जागा पार शेवटच्या खाचांपाशी, साठाच्या आसपास नेली. त्यापायी मधल्या भागात तिरपेपणा वाढतो. पण शेवटाला सुई सरळ असण्याची गरजही अधिक: काठावर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम २१. तेच सूर तेवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेले असतात.

आणि आपल्याकडे तर मैफल भैरवीने संपते. कितीतरी एलपींवरही मोठ्या ख्यालानंतर, अगदी आतल्या अंगाला, एखादी ठुमरी किंवा भजन येतं. सगळ्यांत हळवं गाणं सगळ्यांत अडचणीच्या जागी!

म्हणून सुई धरणाऱ्या कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून, आखीव कागदावरच्या बिंदूवर सुईचं टोक अलगद टेकवून, कार्ट्रिजच्या कडा रेघांशी समांतर होईतो मी ते केसाकेसाने हलवतो, तेव्हा तक्ता स्टीव्हन्सन यांचाच घेतो. मधला ख्याल थोडं सोसतो. त्याच्यापाशी ऐसपैस वेळ असतो, कान पुन्हा जुळून येतो. ठुमरीतली एक मुरकी निसटली, तर ती निसटलीच.