आमच्याकडे म्हणजे कुठे?

बालमित्रांनो, तुम्ही कधी गाव बदललं आहे का? सुट्टीत मामाकडे जाता तसं नव्हे हं! बाडबिस्तारा घेऊन, शाळा बदलून, खेळगडी मागे सोडून? तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांची बदली होते, काहीजण आई-बाबांबरोबर ऊसतोडीला जातात, काहीजण शिक्षणासाठी वसतिगृहात राहतात. त्यांना माझी गोष्ट चटकन कळेल. बाकीच्यांनीही वाचा, गंमत आहे.

मी मूळची मालवणजवळच्या एका गावातली. घराच्या मागच्या दारातून समुद्राची गाज ऐकू येते, इतकं जवळ. डी.एड. झाले आणि नेमणुकीचा कागद आला तो थेट गडचिरोली जिल्ह्याचा! बाबांनी माझ्या जुन्या शाळेतला नकाशा काढला. एक बोट सिंधुदुर्गावर ठेवलं, दुसरं गडचिरोलीवर. महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं टोक. हजार किलोमीटरहून जास्त अंतर. बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. आईने मात्र एकच प्रश्न विचारला, "थंय मासे गावतत मां?"

मासे मिळतात, पण तळ्यातले. तिकडे गावोगाव जुने तलाव आहेत, त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. कुणी लाडाने 'मामा तलाव' म्हणतं. जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगलाचा. साग, मोह, तेंदू, बांबू. मी ज्या गावात गेले तिथली वस्ती गोंड आदिवासींची. वीसेक घरं, एक विहीर, एक शाळा, आणि शाळेत पहिली ते चौथी मिळून बावीस मुलं. मी त्यांची 'म्याडम'.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. मुलांना मी कौतुकाने सांगत होते, "आमच्याकडे कोकणात खूप भात पिकतो."

चौथीतला एक मुलगा म्हणाला, "म्याडम, भात पिकत नाही, शिजते. पिकते तो धान."

सगळा वर्ग हसला. खरंच की! आमच्याकडे शेतात उभा असतो तोही भात आणि ताटात वाढतात तोही भात. तिकडे शेतातला तो धान, चुलीवरचा तो भात. आमची लावणी ती त्यांची रोवणी. लावणीसाठी आम्ही तरवा काढतो, ते पऱ्हे काढतात. शेताच्या ज्या तुकड्याला आम्ही कुणगा म्हणतो ती त्यांची बांधी. पाऊस तोच, चिखल तोच, वाकून वाकून पाठ दुखते तीही तीच. नावं मात्र सगळी वेगळी. हे मला फार आवडलं, आणि मी वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून ठेवू लागले.

पण एक गोष्ट मी चुकीची केली. ती सांगताना अजून लाज वाटते, पण सांगते.

त्या मुलांच्या घरची भाषा गोंडी. बाजारात बोलायची ती झाडीबोली, म्हणजे त्या झाडीपट्टीतली मराठी. आणि पुस्तकातली मराठी ही तिसरीच. पहिलीत आलेल्या पोराला ही तिसरी भाषा म्हणजे जवळजवळ परकीच की! मला वाटलं, सक्ती केली की लवकर येईल. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शाळेत मराठीतच बोलावे.' रोज फळा पुसायचे, तेवढं वाक्य ठेवायचे.

पहिलीत एक मुलगी होती. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिमणी म्हणू. चिमणी बोलायचीच नाही. एका दुपारी ती पाटीवर डोकं टेकून बसली होती. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "येर." मला ऐकू आलं, 'ये रे.' दाराशी एक मुलगा बसला होता. मला वाटलं, ही वर्ग चालू असताना त्यालाच बोलावते आहे. मी जरा रागावूनच म्हटलं, "गप्प बस. वर्गात कुणाला हाका मारायच्या नाहीत." ती गप्प बसली. पुन्हा काही बोलली नाही.

शाळा सुटायच्या सुमाराला तिची मोठी बहीण चौथीच्या रांगेतून उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, "म्याडम, तिला ताप आहे. ती पानी मागून राहिली होती."

येर म्हणजे पाणी. दाराबाहेर पाण्याची घागर होती, ती त्या घागरीकडे बघत होती.

मी तिला पाणी दिलं, कडेवर घेऊन घरी पोचवलं. कपाळ चांगलंच तापलं होतं. तिची आई मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं! तिने मला बसायला खाट दिली आणि प्यायला पाणी दिलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राहून राहून माझे डी.एड.चे दिवस आठवत होते. कॉलेजच्या पहिल्या दिवशी ओळख करून देताना माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' गेलं होतं. सगळा वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्यानंतर वर्षभर माझं नाव 'माका' पडलं. मी ठरवून टाकलं, पुन्हा कुणासमोर मालवणी बोलायचं नाही. आईचा फोन आला तरी मैत्रिणींपासून लांब जाऊन बोलायचे. मुलांनो, आपल्याच आईशी चोरून बोलायचं! आणि तीच मी, एका सहा वर्षांच्या मुलीला तिच्या आईच्या भाषेत पाणीसुद्धा मागू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं ते वाक्य पुसलं. तिथे लिहिलं, 'येर = पाणी.' चिमणी त्या दिवशी आली नव्हती. बाकीची मुलं मात्र बघतच राहिली. त्यांच्या घरातला शब्द फळ्यावर! मग विचारूच नका. जो तो उठून शब्द सांगू लागला. एकाने खिडकीबाहेर बोट दाखवून जोरात म्हटलं, "मरा!" मी दचकलेच. आता हा मला 'मरा' म्हणतो की काय? तर पोरं हसून लोटपोट. गोंडीत मरा म्हणजे झाड! गंमत बघा, कानडीतही झाडाला 'मर' म्हणतात. कारण गोंडी ही कानडी, तेलुगू, तमिळ यांच्याच घराण्यातली, म्हणजे द्राविडी भाषा आहे. मराठीच्या शेजारी राहते, पण नातं तिकडचं. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली होती. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा कितीतरी राज्यांत ते पसरले आहेत. मी डी.एड. झालेली, पण हे मला गडचिरोलीला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आम्ही भिंतीवर एक मोठा कागद लावला. गोंडी, झाडीबोली, पुस्तकातली मराठी, अशा तीन ओळी. चार दिवसांनी ताप उतरून चिमणी आली. कागद बघितला. मग माझ्याकडे बोट दाखवून बहिणीच्या कानात काहीतरी कुजबुजली. बहीण म्हणाली, "ती विचारते, म्याडमच्या आईचे शब्द कुठे?"

काय सांगू! मी खडू हातात घेऊन उभीच राहिले. इतकी वर्षं दडवून ठेवलेला शब्द. शेवटी चौथी ओळ आखली आणि लिहिलं, 'माका.' मुलं हसली. पण हे हसणं वेगळं होतं. सगळा वर्ग दिवसभर 'माका, माका' करत फिरत होता. मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना चिमणीने ताट पुढे केलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, "माका!"

(पालकांसाठी थोडंसं. मुलं घरच्या भाषेत पक्की असली म्हणजे दुसरी भाषा मागे पडते, असा माझा तरी अनुभव नाही. माझी ही मुलं पुस्तकातली मराठी त्यानंतरच भराभर वाचू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. आपण घरी मात्र 'नीट बोल, लोक काय म्हणतील' हेच आधी शिकवतो.)

मग मी तिथे रुळले. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, तेव्हा पहाटे मुलं आयांबरोबर टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि शाळा रिकामी. आधी मी चिडायचे. मग एकदा मीही पहाटे गेले. अंधारात टप टप फुलं पडत होती, सगळीकडे गोडसर वास. आमच्याकडे पहाटे सडा पडतो तो बकुळीचा! दिवाळीनंतर धान कापून झाला की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात. रात्रभर नाटक, थंडीत घोंगडी पांघरून बसलेली माणसं. मी डोळे मिटले की मला वाटायचं, मी आमच्या जत्रेत दशावतार बघते आहे. तोही भात कापल्यावरच, आणि तोही रात्रभर! या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या सिंधुदुर्गात पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची कला जपणारे परशुराम गंगावणे यांना ती २०२१ मध्ये मिळाली होती. दोन टोकांचे दोन परशुराम! हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सगळं कसं छान जमलं, असं वाटतंय ना तुम्हाला? थांबा. अजून एक राहिलं आहे.

एका वर्षी गणपतीला घरी गेले. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचे छोटे बैल सजवून मिरवतात. त्यानंतर तीनच दिवसांनी गणेश चतुर्थी. म्हणजे पोळा आटोपून निघावं, तर दोन दिवसांचा प्रवास करून कसंबसं चतुर्थीला पोचावं. तशीच पोचले. घर माणसांनी भरलेलं. आई मोदक वळत होती. शेजारच्या काकूंनी शेतीची चौकशी केली, तर मी बोलून गेले, "आमच्याकडे रोवणी केव्हाच आटोपली. आता लोक निंदण करून राहिले आहेत."

आईचा हात थांबला. "आमच्याकडे म्हणजे खंय गो?" तिने विचारलं.

मी हसून वेळ मारून नेली. पण ती हसली नाही. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, "तू आता अशी कित्याक बोलतंस? तुझी बोलीच बदालली."

तुम्हाला सांगते, 'माका' म्हटल्यावर वर्ग हसला होता ना, त्यापेक्षा हे जास्त लागलं. कारण ती खोटं बोलत नव्हती. कॉलेजात मी मालवणी दडवली, तेव्हा ती आत होती, शाबूत. आता मी काहीच दडवत नव्हते, तरी मी बदलले होते. मोदकाबरोबर मला तिखट लागत होतं. सोलकढी पिताना वाटलं, चिमणीला ही आवडेल का? आणि गडचिरोलीत असले की, पाऊस आला की, मी कान देऊन समुद्राची गाज शोधते. तिकडे मी 'समुद्रवाली म्याडम', इकडे मी 'गडचिरोलीचा चेडू'. मग मी कुठली?

मराठीत एक फार छान सोय आहे. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द! मी मुलांना हे शिकवते, उदाहरणं देते. पण आईसमोर त्या रात्री मला नीट 'आपण' म्हणता आलं नाही.

माझ्या सेवापुस्तकात 'स्वग्राम' असा एक रकाना आहे. तिथे माझ्या कोकणातल्या गावाचं नाव आहे. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज निघतात तेव्हा सहकारी विचारतात, "भरता का?" आई-बाबा आता थकले आहेत, म्हणून मी दोनदा भरला. दोन्ही वेळा बदली झाली नाही. तेव्हा मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही. हे दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला विचारू नका.

चिमणी आता मोठी झाली आहे. तालुक्याच्या वसतिगृहात राहते. मध्ये भेटली तेव्हा खोलीतल्या मुली तिच्या बोलण्याला हसतात असं सांगत होती. मी विचारलं, "मग तू काय करतेस?" तर म्हणाली, "मी त्यांना रोज एक शब्द शिकवते. आता त्यांना पाच येतात."

यंदा पोळ्याच्या आधी आईचा फोन आला. मी वर्गातच होते, मुलांसमोरच बोलले.

"गणपतीक कधी येतलंस?"

"तान्हो पोळो झालो की निघतंय गो."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला. मग आई म्हणाली, "त्या पोरांचो लाकडाचो बैल असता मां, तसो एक घेऊन ये. गणपतीच्या बाजूक ठेवया."