बांधाचें समीकरण

धानोऱ्यास आमचें मिरचीचें शेत आहे. गेल्या पावसाळ्यांत पूर्वेच्या बांधावरील मधला दगड पाण्यानें हलला आणि शेजारच्या आप्पांशीं वडिलांचें बोलणें बंद झालें. बांध मूळचा सरळ व टोकांचे दोन दगड जागच्या जागीं, एवढें मात्र उभयतांस मान्य होतें. आम्हां दोघां भावांस आप्पांचाच संशय होता.

वर्गांत तेव्हां सरळ रेषेचें समीकरण चाललें होतें. सुटींत आम्ही विहीर हा आरंभबिंदु धरला, पूर्वेस क्ष, उत्तरेस य मानिला आणि पावलांनीं मापें घेतलीं. टोकांचे दगड (१०, ३०) व (४०, ९०) येथें आले. 'य'मधील फरक ६०, 'क्ष'मधील ३०; म्हणून चढ २, आणि समीकरण य = २क्ष + १०. (प्रथम भागाकार उलटा करून आम्ही अर्धी दुपार वायां घालविली!)

मधला दगड (२७, ६०) येथें होता. य ६० असतां क्ष २५ हवा. म्हणजे दगड दोन पावलें आप्पांच्या रानांत सरकलेला, लाभ आमचाच! पुनः मोजलें. उत्तर तेंच.

एकघाती समीकरण सरळ रेषाच दाखवितें, हें फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६३६ च्या सुमारास मांडलें. तो तुलूझच्या न्यायालयांत अधिकारी होता, हें वाचून आम्हांस हसूं आलें.

कागद वडिलांपुढें ठेवण्याचा दोन दिवस धीर झाला नाहीं. त्यांनीं तो बराच वेळ पाहिला, पहार उचलली आणि आप्पांना हांक मारिली.