हालींचे पानिपत

मराठी माणूस दिल्लीला गेला की एक दिवस पानिपतासाठी राखून ठेवतो. अंतर अवघे नव्वदेक किलोमीटर. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गेलो असता मीही तसा तो ठेवला होता. आदली संध्याकाळ बल्लीमारानमध्ये गेली. चष्म्यांच्या आणि जोड्यांच्या दुकानांमधून वाट काढत गालिबची हवेली गाठली. तिचा जो लहानसा भाग जतन केला आहे, तेवढाच पाहायला मिळतो.

मराठीत पानिपत हे गावाचे नाव उरलेले नाही. ते क्रियापद झाले आहे. परीक्षेत पानिपत होते, निवडणुकीत होते. आणि 'विश्वास' हा शब्द निघाला की तो पानिपतावरच गेला, असे कोणीतरी म्हणतेच. म्हणून प्रथम काला आंबलाच गेलो. रक्ताने आंब्याचे झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही, स्मारकस्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१ या तारखेपुढे नतमस्तक व्हायला येणारे बहुतेक जण आपल्याकडचेच असतात, आणि तेथूनच परततात.

मी मात्र जुन्या वस्तीतील बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याकडे वळलो, कारण तेथे अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. पानिपतात १८३७ साली जन्मलेले हाली हे गालिबचे शिष्य आणि त्याचे चरित्रकार. 'यादगार-ए-गालिब' १८९७ चे. त्याआधी, १८९३ मध्ये, आपल्या काव्यसंग्रहाला त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, ती 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' या नावाने उर्दूतील आधुनिक समीक्षेचा आरंभ मानली जाते. कवितेत साधेपणा, अस्सलपणा आणि आवेग हवा, असे ते मिल्टनचा आधार घेऊन सांगतात. इंग्रजीशी त्यांचा परिचय मुख्यतः भाषांतरांतून झालेला. लाहोरला सरकारी पुस्तकखात्यात इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे तपासण्याचे काम त्यांनी केले होते. ज्या गझलेवर ते वाढले, तिच्यातील ठरीव अतिशयोक्तीवर त्यांनी कठोर प्रहार केले. गुरूच्या मृत्यूवर विलापिका लिहिणाऱ्याने हे लिहावे, याचे मला अधिक मोल वाटते. (तो आवेश काही ठिकाणी एकांगी झाला आहे, हेही खरे.)

१८९३ हेच केशवसुतांच्या 'तुतारी'चे वर्ष. दोन भाषा एकाच काळात जुन्या संकेतांशी भांडत होत्या. एम.ए.च्या वर्गात आम्ही वर्ड्‌स्वर्थची प्रस्तावना घोकली. हालींचे नाव एकदाही ऐकल्याचे स्मरत नाही. पानिपत मात्र आम्हांला बालवाडीपासून ठाऊक होते.

कबरीपाशी बराच वेळ बसलो. बाबराच्या काबुली बाग मशिदीसाठी राखलेला तास तेथेच गेला. मग बाजारातून, हातमागाच्या चादरींचे गठ्ठे चुकवत, बसस्थानक गाठले.