रोहिणीचे पाणी आणि आमचा नळ

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीत सार्वजनिक नळ एक आणि घरांच्या ओळी दोन. दोन्हीकडे आपलेच लोक. पाणी सकाळी तासभर येते. त्या दिवशी ते कमी आले आणि पाळीवरून भांडण जुंपले. आमच्याकडच्या पोरांनी मागल्या ओळीतल्या एका बाईची कळशी गटारात फेकली. मग तिच्या मुलाने आमच्या एकाचे डोके फोडले.

मी कारकून माणूस. अर्ज लिहिणे माझ्या हातचे काम. संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यासाठी तक्रार लिहून आमच्या ओळीच्या सह्याही घेतल्या. डोके फुटल्याचे सविस्तर लिहिले. कळशीचे मात्र लिहिले नाही.

रात्री विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होते. वाचण्याची पाळी माझी होती. प्रकरण निघाले शाक्य आणि कोलीयांच्या तंट्याचे.

सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले, असे आपण शाळेत शिकलो. परमपूज्य बाबासाहेबांना ते पटले नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नसेल कसे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात गृहत्यागाचे कारण वेगळे आहे. ते आहे रोहिणी नदीचे पाणी.

रोहिणीचे पाणी दोघांच्याही शेतीला लागे. आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ विरोधात उभा राहिला. आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे ऐकतो, तसे असेल तर आपणही निर्दोष नाही, असे तो म्हणाला. आपले दोन, त्यांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, ही त्याची सूचना बहुमताने फेटाळली गेली. पुढे कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी आली. घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने परिव्राजक होऊन देश सोडणे पत्करले. तो चोरून गेला नाही. यशोधरेने संमती दिली आणि राहुलला सांभाळण्याचा भार उचलला.

‘आपणही निर्दोष नाही’ इथे माझा आवाज अडखळला. तक्रार माझ्या खिशात होती आणि कळशीवाली बाई समोर बसली होती.

पाली अट्ठकथेत हाच तंटा बुद्धत्वानंतरचा आहे. पाण्याचे मोल मोठे की माणसांचे, असे तिथे तथागत दोन्ही बाजूंना विचारतात.

तंटा मिटल्याचे कळल्यावरही सिद्धार्थ परतला नाही. एक युद्ध टळले, पण माणसामाणसांतला झगडा संपत नाही, हे त्याला दिसले. त्याचे उत्तर शोधताना गयेला बोधी मिळाली आणि सारनाथला पाच परिव्राजकांना पहिले प्रवचन झाले. त्याच्या मध्यभागी ईश्वर नाही, आत्मा नाही, माणूस आहे. दुःख आहे आणि ते दूर करता येते. त्यासाठी देहदंड नको, चैनही नको. मध्यम मार्ग हवा. आपले वागणे मोजायला पंचशील हे माप आहे.

ते माप मी रोज म्हणतो, लावले मात्र नव्हते. कळशी गाळून अर्ज लिहिणे म्हणजे चौथे शील मोडणेच होते.

वाचन संपल्यावर मी उभा राहिलो, कळशीची गोष्ट सर्वांसमोर सांगितली आणि अर्ज फाडला. आमच्या ओळीतले काही जण मला फितूर म्हणाले. तरी आमचे दोन, त्यांचे दोन आणि पाचवी म्हणून दोघांना मान्य असलेली एक आजी, असे पंच बसले. आम्ही कळशी भरून दिली, त्यांनी दवाखान्याचा खर्च दिला. पाळीचा तक्ता भिंतीवर लागला.

नळाचे पाणी काही वाढले नाही. त्यासाठी नगरपालिकेला नवा अर्ज केला आहे. त्यावर सह्या दोन्ही ओळींच्या आहेत.

बंधू-भगिनींनो, हे प्रकरण घरी मुलांना वाचून दाखवा. वाचताना स्वतःलाही ऐकू येईल असे वाचा.

जयभीम!